खळ्यातली माती

माझ्या भावाच्या नडगीतून निघालेला रॉड त्याच्या बकऱ्यांच्या फाटकाला खिट्टी म्हणून लावलेला होता. चौथ्या ऑपरेशनला डॉक्टरांनी तो बाहेर काढला, धुतला आणि पिशवीत घालून वहिनीच्या हाती दिला. घरी आल्यावर भावाने तो फाटकाच्या दोन कड्यांतून सरकवून पाहिला आणि म्हणाला, "पाह्य, कसा बराबर बसला. माह्या पायात तर कधी धड बसला नाई."

मी त्याच्यावर ओरडले. निदान उकळून तरी घे म्हटलं. त्याने उकळला, पण वहिनीच्या भाताच्या पातेल्यात. त्यावरून घरात आठवडाभर अबोला होता.

आमचं गाव चिखलीपासून जीपने अर्ध्या तासावर. सोयाबीनच्या दिवसांत मळणी यंत्र जागेवरून हलवताना कलंडलं आणि त्याचं चाक भावाच्या पायावर आलं. नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं आणि त्याचं टोक थेट खळ्याच्या मातीत रुतलं. शेजाऱ्यांनी मूठभर हळद दाबली, दुपट्टा आवळला आणि त्याला चिखलीला नेलं. तिथून बुलडाण्याला. रॉड पडला, टाके पडले आणि तीन आठवड्यांनी टाक्यांतून पू यायला लागला. पुढची चार वर्षं तो पू आमच्या घरातला एक माणूसच होऊन बसला. फोनवर आधी त्याची चौकशी व्हायची, मग पावसाची.

मी पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करते. मोडलेलं हाड कसं जुळतं आणि ते जुळवायला घातलेला धातू कसा नासतो, हे पाहणं माझं काम. लोकांना वाटतं, भावाचा पाय पाहून मी याकडे वळले. तसं काही नाही. त्याचा पाय मोडला तेव्हा मला या कामात नऊ वर्षं झाली होती आणि त्या नऊ वर्षांचा त्याच्या पायाला शून्य उपयोग झाला. गावात तो माझी ओळख करून देतो ती अशी : "हे आमची डॉक्टरीन. बिना सुईची."

काम समजायला सोपं आहे. चिखलीच्या स्टँडवर बस लागते तेव्हा दोन प्रकारची माणसं असतात. काही दारातून चढतात. काही बस थांबायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. शरीरात रॉड गेला की हेच होतं. हाडाच्या पेशी दारातून चढतात, सावकाश. जंतू रुमाल टाकतात. एकदा त्यांनी जागा धरली की ते अंगावर बुळबुळीत थर ओढून घेतात आणि त्या थराखाली औषध पोचत नाही. मग रॉड काढण्यावाचून इलाज राहत नाही. रॉडवर लावायला आम्ही बनवलेला लेप म्हणजे खिडकीशी उभा केलेला कंडक्टर. धातूवर अगदी पातळ थर असतो. त्यातून चांदीचा अंश हळूहळू सुटत राहतो आणि सुरुवातीचे दिवस जंतूंना टेकू देत नाही. तोवर हाड आपली जागा घेतं.

लेप चांगला होता. हे मी आजही म्हणते. पण आमच्याकडे त्याची परीक्षा व्हायची ती काचेच्या भांड्यात, गाळलेल्या, निवळशंख द्रावणात. एका बैठकीत मी विचारलं, "असल्या पाण्यात कोणाचा पाय मोडतो?"

विभागाचे प्रमुख, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणतो, हसले. "मग तुमच्या मते कशात मोडतो?"

"मातीत. शेणात. भुशात. निदान आमच्याकडे तरी."

"मॅडम, सर्जन जखम धुतात."

"धुतात. पण नडगीच्या पोकळीत गेलेली माती सगळी निघत नाही. चिमूटभर उरतेच."

त्यावर वर्षभर वाद झाला. मी मागे हटले नाही. शेवटी परवानगी मिळाली : मातीतली चाचणी करायची, ती मी करायची आणि तिची जबाबदारी माझ्या एकटीची. लेप त्यात टिकला, तर माणसांवरच्या चाचणीच्या अर्जात एक ओळ वाढवायची. 'मातीने माखलेल्या उघड्या जखमांसाठीही योग्य.' त्या ओळीखाली सही माझी. म्हणजे ती सही झाली की असे रॉड खळ्यात मोडलेल्या पायांत जाणार. मला हवं होतं ते हेच.

मी भावाला फोन केला. "दादा, आपल्या शेतातली अर्धा किलो माती धाड. तपासाची हाये."

"कायले?"

"कामाले."

"धाडतो."

आठ दिवसांत ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरच्या हातून पुडकं आलं. स्वच्छ पांढरी कापडी पिशवी, तोंड सुतळीने आवळलेलं. आत बरोबर अर्धा किलो माती, वाळलेली, चाळलेली, मऊ. पिशवीत एक चिठ्ठी आणि बाहेर बांधलेली तशीच दुसरी. भावाच्या शाळकरी अक्षरात गट नंबर, कोरडवाहू, मागचं पीक सोयाबीन, पुढचं पीक हरभरा. मला हसू आलं. माझ्या हाताखालचे सगळे नमुने इतक्या नीट लिहिलेले असते तर किती बरं, असं मी प्रयोगशाळेत बोलूनही दाखवलं. चिठ्ठी नोंदवहीत चिकटवली आणि कामाला लागले.

सदऱ्याच्या गुंडीएवढ्या धातूच्या चकत्या, त्यांच्यावर लेप, भोवती भावाची माती, मातीत रुग्णाच्या पुवातून वाढवलेले जंतू. शरीराएवढी ऊब देणाऱ्या पेटीत सात दिवस. लेप टिकला. पुन्हा केलं, टिकला. तिसऱ्यांदाही टिकला. सरांनी सगळ्यांसमोर माझं अभिनंदन केलं आणि अर्जात ती ओळ आली. माणसांवरच्या चाचणीला परवानगी देणाऱ्या समितीपुढे फाइल जायला दिवाळीनंतरची तारीख ठरली. सही मी परत आल्यावर करणार होते.

दिवाळीला मी गावी गेले. भाऊबीज झाली, ओवाळून झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेतावर गेले तर भाऊ वाकून खड्डा करत होता. एक पाय आखूड असल्यामुळे तो वाकतो तेव्हा एका बाजूला कलतो. शेजारी घमेलं, त्यात थोडी माती.

"काय करून राह्यला, दादा?"

"माती काढून राह्यलो, परीक्षणाले. हरभऱ्याच्या आधी दरवर्षी धाडतो ना आपण. तुले धाडली होती तशीच."

त्याने खुरप्याने वरचा थर खरवडून बाजूला केला. काडीकचरा, भुसा, सुकलेलं शेण, सगळं. मग कडा तिरप्या करत वीतभर खोल गेला आणि बाजूची माती वरपासून खालपर्यंत तासून घमेल्यात घेतली.

मी ते वरचं बाजूला पडलेलं पाहत उभी राहिले.

"दादा, मले धाडली तवाही हे वरचं काढून टाकलं होतं?"

"मंग? कचरा कोणी धाडते का तपासाले?"

"अन् खळ्यातली घेतली होती का?"

तो ताठ उभा राहिला. आपल्याला काही येत नाही असं कोणी सुचवलं की तो असा उभा राहतो. "तुले काय मी येडा वाटलो? खळ्यातली घेत नाई. गोठ्याजवळची घेत नाई. उकिरड्याजवळची घेत नाई, बांधावरची नाई, झाडाखालची नाई. आठ ठिकानची घेतली, सावलीत वाळवली, चाळली, चार भाग करून दोन टाकले, पुन्हा चार केले. कृषी सहायकानं वहीत लिहून देल्लं हाये. तू शेतकऱ्याची पोरगी हायेस ना वं?"

होते ना. तेच तर. माती परीक्षणाची रीत मला पाठ होती. लहानपणी ती पांढरी पिशवी मीच शिवायचे, चिठ्ठी मीच लिहायचे. वर्षभर ती चिठ्ठी माझ्या नोंदवहीत माझ्या डोळ्यांसमोर होती आणि पुढचं पीक हरभरा हे वाचून मी हसले होते. भावाने एका शेतकऱ्याने करावं ते सगळं चोख केलं होतं. जमिनीत जे जे घाण असतं ते निवडून बाजूला टाकलं होतं. मला हवं होतं नेमकं ते.

मी त्याला सांगितलं. लेप कोणत्या मातीत टिकला आणि कोणत्या मातीसाठी मी सही करणार होते, ते दोन्ही.

"म्हंजे माहीच चुकी."

"तुही नाई. माही."

"मंग सही करून टाक. कोनाले मालूम पडते?"

"तुह्या पायाले."

तो हसला नाही. खुरपं घमेल्यात टाकलं आणि म्हणाला, "चाल."

खळ्यावर त्याने काठीने जागा दाखवली. यंत्र इथं होतं, मी इथं उभा होतो, पाय इथं. माझ्याजवळ निर्जंतुक बरणी नव्हती. वहिनीच्या लोणच्याच्या दोन रिकाम्या काचेच्या बरण्या कुकरमध्ये पाच शिट्ट्या देऊन घेतल्या आणि एक चमचाही. वहिनी दारात उभी राहून पाहत होती.

"बाई, तो चमचा परत नका आणू माह्या सैपाकघरात."

"नाही आणत."

"अन् कुकर?"

"कुकरमध्ये माती नाही घातली, वहिनी."

"तुमच्या भावानं पातेल्यात रॉड घातला होता. आता इस्वास कोनाचाच नाई."

मी वरची माती घेतली. भुसा, बकरीची लेंडी, यंत्रातून गळलेल्या ऑइलचा काळा डाग, सगळं असू दिलं. काही वाळवलं नाही, काही चाळलं नाही. निघताना भावाने फाटकाची खिट्टी उपसली, फडक्यात गुंडाळली आणि माझ्या बॅगेत कोंबली. "हा ने. दाखव त्यायले."

चिखलीच्या स्टँडवर बॅग मांडीवर घेऊन बसले होते. शेजारच्या बाईने विचारलं, लोणचं का? मी हो म्हटलं.

पुण्यात मी तीन रांगा लावल्या. पहिली मातीशिवाय. दुसरी भावाने पाठवलेल्या चाळलेल्या मातीची. तिसरी खळ्यातली. पहिल्या दोन्हींत लेप सातही दिवस टिकला. तिसरीत तिसऱ्या दिवशी चकत्यांवर दुधावर साय धरावी तसा जंतूंचा थर होता. चांदी काय कमी सुटत नव्हती. पण शेण आणि कुजका भुसा ती जंतूंपर्यंत पोचायच्या आधीच अडवून धरत होते. मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी माझा हात नको म्हणून शेजारच्या विभागातल्या तंत्रज्ञ बाईंकडून करून घेतलं, कोणती बरणी कशाची ते न सांगता. तेच.

मी सरांकडे गेले. त्यांनी तिन्ही रांगांचे फोटो पाहिले, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"माती ती माती, मॅडम. तुम्ही मातीत चाचणी केलीत, लेप टिकला. अर्जात खोटं काय आहे?"

"मी हरभऱ्याच्या मातीत चाचणी केली, सर. पाय खळ्यात मोडतात."

"बरं. मग ती ओळ काढून टाकू. सध्या स्वच्छ, बंद जखमांपुरता अर्ज करू. पुढचं पुढे पाहू. समिती परवा आहे."

सर हेच म्हणणार, हे मी धरूनच आले होते. वाईट सल्ला नव्हता. ओळ गेली असती, लेप पुढे गेला असता, आठ वर्षांच्या कामावर सगळ्यांची नावं आली असती, माझंही. पण बंद जखमेत मुळात जंतू शिरायची भीती कमी असते. जंतूंना आवरणारा रॉड सर्जन वापरणार तो जिथे भीती जास्त तिथेच. बुलडाण्याच्या त्या छोट्या ऑपरेशन थिएटरात ट्रॉलीवर एखादा खळ्यातला पाय आला की डॉक्टर हाच रॉड मागणार, आणि कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांत काय लिहिलंय हे कोणी वाचत बसणार नाही. ओळ काढल्याने खोटं कमी होत नव्हतं, फक्त मुकं होत होतं.

"ओळ काढू नका," मी म्हटलं. "ती उलटी करा. 'शेण आणि कुजका भुसा मिसळलेल्या मातीत हा लेप तीन दिवसांत निकामी होतो.' पहिल्या पानावर. त्याखाली सही मी आत्ता करते."

"मग समिती परवानगी देईल का?"

"नाही देणार."

"तुम्हाला कळतंय तुम्ही काय करताय?"

"कळते ना, सर." तोंडातून तसंच निघालं, गावचं. पहिल्या वर्षी त्यांनीच मला सांगितलं होतं, बैठकीत भाषा जरा शुद्ध ठेवा. तेव्हा मी ठेवली होती. त्या दिवशी नाही ठेवली.

समितीच्या बैठकीत सरांनी जुनीच फाइल मांडली. ती ओळ खोडलेली, उलटी ओळ नाही, माझ्या सहीची जागा रिकामी. अध्यक्षबाईंनी विचारलं, "ही सही का नाही?"

मी उभी राहिले. नोंदवही उघडून भावाची चिठ्ठी वाचून दाखवली : गट नंबर, कोरडवाहू, मागचं पीक सोयाबीन, पुढचं पीक हरभरा. कोणीतरी हसलं. मी म्हटलं, मीही हसले होते. मग माती कशी काढतात ते सांगितलं, काय टाकून देतात ते सांगितलं आणि तिसऱ्या रांगेचे फोटो टेबलावर ठेवले. तो तास माझ्या आयुष्यातला सगळ्यात लाजिरवाणा होता, कारण चूक माझी होती आणि ती मीच ओरडून सांगत होते. बॅगेत भावाचा रॉड होता. तो मी बाहेर काढला नाही. एका माणसाच्या पायातला रॉड पुरावा ठरत नाही, त्याने फक्त लोकांना वाईट वाटतं. मला कोणाला वाईट वाटायला नको होतं. मला त्यांनी फोटो नीट पाहायला हवे होते.

एका वयस्कर सर्जनांनी ते पाहिले. बराच वेळ. मग त्यांनी फक्त एवढं विचारलं, "ही माती अजून आहे तुमच्याकडे?"

"एक बरणी भरून."

अर्ज परत आला. शेरा होता : लेपाची चाचणी प्रत्यक्ष अपघाताच्या जागेवरच्या मातीत पुन्हा करावी. हीच चाचणी मला आधी मागून घ्यावी लागली होती.

सर माझ्याशी तीन महिने कामापुरतं बोलले. नव्या प्रकल्पाच्या यादीत माझं नाव नव्हतं. जिन्याखालची खोली मला देण्यात आली, 'वासामुळे'. वास खरोखरच येतो, खोटं कशाला बोलू. पण त्या खोलीत आता पेटी माझी आहे, बरण्या माझ्या आहेत आणि दारावर मी स्वतःच्या हाताने कागद लावला आहे : इथे चाळलेली माती आणू नये.

लेप आता दोन थरांचा केला आहे. वरचा थर मातीतल्या घाणीशी झुंजून स्वतः संपतो, खालचा तोवर राखून ठेवलेला असतो. पहिल्यांदा चौथ्या दिवशी हरला. मग पाचव्या. गेल्या आठवड्यात सहाव्या दिवसाच्या दुपारपर्यंत चकती कोरी होती आणि सातव्या सकाळी साय. मी ते जसंच्या तसं लिहिलं. फाइलमधली सहीची जागा रिकामीच आहे. सरांनी परवा जिन्यात थांबून विचारलं, "अजून किती?" मी म्हटलं, सात दिवस पूर्ण टिकेपर्यंत. त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, ते मी विचारलं नाही.

काल भावाचा फोन आला.

"झाली का तुही सही?"

"नाई."

"काऊन?"

"सहा दिवस टिकला. सातव्या दिवशी हरला."

"तीनाचे सहा झाले ना, लय झाले."

"सहाले सही नाई करत मी. माती संपत आली, दादा. अजून धाड."

"कोनती? तीच, घान?"

"तिच्याहून वंगाळ असन तर ते धाड. या पावसानंतर गोठ्याच्या दारातली घे."

"घेतो." मग म्हणाला, "अन् माही खिट्टी? फाटकाले लाकूड लावलं हाये, बकऱ्या खाऊन राह्यल्या त्याले अन् सुटून राह्यल्या. तुह्या वहिनीची तुळस संपली. तू कवा आनतेस तो रॉड?"

रॉड माझ्या टेबलाच्या खणात आहे, त्याच फडक्यात.

"सही झाली की आनते."

"मंग तुळशीलेच कुंपन घाला लागते," तो म्हणाला आणि तिकडे वहिनीला हाक मारून विचारायला लागला, रिकामी काचेची बरणी कुठाय.